डोंगर कुणाचा?

हांबुर्गहून दक्षिणेला निघालं की कितीतरी वेळ गाडीच्या खिडकीतून उंच असं काही दिसतच नाही. बीटाची शेतं, गव्हाची शेतं, पवनचक्क्या, लाल विटांची चर्चं. मग क्षितिजावर एक काळसर पट्टी उमटते आणि बघता बघता तिची भिंत होते. हा हार्ट्स पर्वत, उत्तर जर्मनीतला सर्वांत उंच. लांबी साधारण ११० किलोमीटर, रुंदी तीस-चाळीस, आणि सर्वांत उंच शिखर ब्रोकेन ११४१ मीटर. आल्प्सपुढे हे आकडे किरकोळ आहेत, पण सपाट मुलखात अचानक उभा राहिलेला डोंगर आहे त्यापेक्षा मोठाच वाटतो. या भिंतीच्या उत्तर पायथ्याला, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांवर, गोस्लार नावाचं गाव आहे. गावाच्या पाठीशी ६३५ मीटरांचा एक डोंगर आहे. तोही भव्य वगैरे नाही. नाव रामेल्सबर्ग. पण या डोंगरापायी सम्राट आणि सरदार, बिशप आणि ड्यूक, नगरपालिका आणि राजघराणी जवळजवळ सहाशे वर्षं एकमेकांच्या उरावर बसली होती.

आधी जमिनीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं आहे. हार्ट्सची उत्तर कड म्हणजे एक मोठा प्रस्तरभंग. डायनोसॉरच्या काळाच्या अखेरीस जुन्या खडकांचा अख्खा ठोकळा वर उचलला गेला आणि उत्तरेकडे रेटला गेला. त्या रेट्याने पायथ्याचे नवे थर उभे राहिले, काही ठिकाणी तर पार उलटे झाले. त्यामुळे गोस्लारच्या वेशीपासून डोंगराकडे तासभर चाललं तर पायाखालून कोट्यवधी वर्षांचे थर एकामागून एक सरकत जातात. जर्मन भूशास्त्रज्ञ या परिसराला कौतुकाने भूशास्त्राचा ‘अभिजात चौरस मैल’ म्हणतात, आणि विद्यापीठांतली पोरं हातोड्या घेऊन अजून तिथे येतात.

रामेल्सबर्गचा खडक या सगळ्यांहून जुना. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या भेगांमधून गरम, खारट, धातूंनी भरलेलं पाणी वर येत असे आणि थंड पाण्यात मिसळताच त्यातले धातू गंधकाशी संयोग पावून तळाच्या चिखलात बसत. त्या चिखलाचा पुढे पाटीचा दगड झाला आणि त्याच्या पोटात जस्त, शिसं, तांबं, थोडी चांदी आणि अगदी चिमूटभर सोनं अशी जाड भिंगं अडकून राहिली. अशी मुख्य भिंगं दोन. त्यांतल्या एकाची कड डोंगराच्या उतारावर उघडी पडली होती. खाणीचा शोध कसा लागला हे कोडं नाहीच मुळी. डोंगराने स्वतःच दार उघडं टाकलं होतं.

दंतकथेला एवढं साधं उत्तर पटत नाही. ती सांगते, की ओट्टो सम्राटाचा राम्म नावाचा एक शिलेदार शिकारीला निघाला, चढ अवघड झाला म्हणून त्याने घोडा झाडाला बांधला आणि पायी पुढे गेला. परत येऊन बघतो तर कंटाळलेल्या घोड्याने खुरांनी जमीन उकरलेली आणि तिच्यात चमकणारा दगड. म्हणून डोंगर रामेल्सबर्ग, आणि शिलेदाराच्या बायकोचं नाव गोझा म्हणून नदी गोजे. गावाच्या चौकात घड्याळाच्या ठोक्यावर हलणाऱ्या बाहुल्यांमधून हा घोडा आजही दिसतो. पुरातत्त्वज्ञांनी मात्र घोड्याची मिरासदारी मोडीत काढली. हार्ट्सच्या दुसऱ्या अंगाला, ओस्टेरोडेजवळ ड्यूना नावाच्या जागी उत्खनन झालं, तेव्हा रामेल्सबर्गचं खनिज तिसऱ्या-चौथ्या शतकापासून तिथे नेऊन वितळवत असल्याचं दिसून आलं. म्हणजे ओट्टोच्या आधी सहाशे वर्षं कुणीतरी हा दगड पाठीवर किंवा जनावरावर लादून डोंगरापलीकडे नेत होतं. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्यात कुणी शिलेदार नसावा.

लिखित इतिहास सुरू होतो तो विडुकिंड नावाच्या साक्सन भिक्षूपासून. ओट्टो राजाने साक्सनीत चांदीच्या शिरा खुल्या केल्या, असं तो दहाव्या शतकात लिहून ठेवतो. ते वर्ष ९६८ आणि ती जागा रामेल्सबर्ग असं पुढे रूढ झालं. शतक संपता संपता या चांदीची नाणी पडू लागली. लहान वयाचा तिसरा ओट्टो राजा आणि त्याची आजी आडेलहाइड यांच्या नावांची ही पातळ नाणी लाखोंच्या संख्येने पाडली गेली आणि बाल्टिक समुद्राच्या काठाने, स्कँडिनेव्हियापर्यंत पसरली. तिकडे जमिनीत पुरलेल्या मडक्यांतून ती अजून निघतात.

राजांचं लक्ष आता या पायथ्याकडे वळणं साहजिकच होतं. त्या काळच्या जर्मन राजाला राजधानी नव्हती. तो, त्याचा दरबार, घोडे, पुरोहित, आचारी असा सगळा लवाजमा वर्षभर फिरत राही आणि ठिकठिकाणच्या राजवाड्यांत मुक्काम करी. गोस्लारपासून काही मैलांवर वेर्ला इथे असा एक वाडा होता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या हाइनरिशने तिथून मुक्काम हलवून गोस्लारला आणला. पुढे तिसऱ्या हाइनरिशने १०४० ते १०५० च्या दशकांत खाणीकडे तोंड केलेल्या उतारावर पन्नास मीटरांहून लांब, दोन मजली दगडी सभागृह उभं केलं. त्याच्या समोर संत सायमन आणि ज्यूड यांचं भव्य चर्च बांधलं. त्याचा पवित्रीकरण सोहळा १०५१ मध्ये झाला. त्याआधी काहीच महिने, १०५० च्या नोव्हेंबरात, त्याला मुलगा झाला होता, बहुधा याच वाड्यात. हा तिसरा हाइनरिश १०५६ मध्ये हार्ट्समध्येच, बोडफेल्डच्या शिकारवाड्यात वारला. देह श्पायरला बापाशेजारी पुरला, काळीज मात्र गोस्लारला ठेवलं. वाड्याला लागून असलेल्या चॅपेलमध्ये ते अजूनही आहे, अष्टकोनी सोनेरी डबीत.

त्या वेळी मुलगा पुरता सहा वर्षांचाही नव्हता. हा चौथा हाइनरिश. त्याच्या लहानपणीचा एक प्रसंग लाम्पेर्ट नावाच्या इतिवृत्तकाराने इतका बारकाईने सांगितला आहे, की तो सोडून पुढे जाववत नाही. भांडण कशावरून, तर खुर्चीवरून. माइन्सच्या आर्चबिशपशेजारी बसण्याचा मान फुल्डाच्या मठाधिपतीचा, अशी जुनी वहिवाट होती. पण गोस्लार हिल्डेसहाइमच्या बिशपच्या हद्दीत येत होतं आणि बिशप हेत्सिलो म्हणे, की माझ्याच हद्दीत माझ्या वर कोण बसणार? १०६२ च्या नाताळात दोघांचे सेवक खुर्च्या मांडता मांडता हातघाईवर आले. ते कसंबसं निभावलं. १०६३ च्या जून महिन्यात पेंटेकॉस्टच्या सणाला पुन्हा तेच चर्च, तीच खुर्ची. या वेळी बिशपने आधीच तयारी केली होती. एकबेर्ट नावाचा सरदार हत्यारबंद माणसं घेऊन वेदीच्या मागे दडून बसला होता. खुर्च्या हलवण्याचा आवाज ऐकताच ते धावून आले. फुल्डाच्या माणसांना आधी गुद्द्यांनी आणि काठ्यांनी बाहेर काढलं. ती हत्यारं घेऊन परत आली. मग चर्चच्या मधोमध, स्तोत्रं म्हणणाऱ्यांच्या गर्दीत तलवारी चालल्या. बिशप उंच जागेवर उभा राहून आपल्या लोकांना चेव देत होता आणि जागेच्या पावित्र्याची भीड बाळगू नका, अशी त्यांना मोकळीक देत होता, असं लाम्पेर्ट लिहितो. बारा वर्षांचा राजा ओरडत होता, थांबा म्हणत होता. कुणी ऐकलं नाही. शेवटी भोवतालच्यांच्या आग्रहाने तो गर्दीतून वाट काढून वाड्याकडे पळाला. चौकशीत दोष कुणाचा ठरला? मठाधिपतीचा. बिशपचे हितसंबंधी दरबारात जास्त होते. मठाला प्रचंड दंड भरावा लागला.

लाम्पेर्ट मठवासी, तेव्हा त्याचा कल कुठे असणार हे उघड आहे. थोडं मीठ-मिरची धरूनच वाचावं. पण राजासमोर, राजाच्या चर्चमध्ये रक्त सांडलं आणि राजाला काही करता आलं नाही, एवढं निर्विवाद. हा मुलगा मोठा होऊन हट्टी, संशयी आणि किल्ल्यांचं वेड असलेला राजा झाला, याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

किल्ले त्याने बांधले ते हार्ट्सच्या पायथ्यालाच. त्यांतला मुख्य हार्ट्सबुर्ग, गोस्लारपासून जेमतेम दोन-तीन तासांच्या चालीवर. साक्सन सरदारांना हे किल्ले आपल्या छातीवर ठेवलेल्या धोंड्यासारखे वाटत. जंगलं आमची, शेतकरी आमचे, आणि गढीवर बसून वसुली करणार राजाची परकी माणसं? १०७३ च्या उन्हाळ्यात ते फौज घेऊन हार्ट्सबुर्गखाली येऊन बसले. राजा रात्री निसटला आणि एका शिकाऱ्याच्या मागोमाग दाट अरण्यातून तीन दिवस चालत राहिला. पुढच्या वर्षी तह झाला, किल्ल्याची तटबंदी पाडायचं ठरलं. पण लोक वर चढले ते तटापुरते थांबले नाहीत. त्यांनी तिथलं चर्च मोडलं आणि राजाच्या भावाची आणि तान्ह्या मुलाची थडगी उकरली. राजाने १०७५ मध्ये रणांगणावर त्याचा सूड घेतला आणि तो नाताळ विजयी थाटात गोस्लारला साजरा केला.

नेमक्या त्याच मुक्कामात, १ जानेवारी १०७६ ला, रोमहून पोप ग्रेगरीचं खरमरीत पत्र गोस्लारला पोचलं. बिशप नेमण्याचा अधिकार राजाचा की पोपचा, हा वाद त्यात होता. विजयाची नशा उतरली नव्हती. राजाने तीन आठवड्यांत वोर्म्सला बिशपांची सभा भरवून पोपलाच पदावरून उतरवल्याचं जाहीर केलं. पोपने त्याला बहिष्कृत केलं. आणि वर्ष उलटताच, जानेवारी १०७७ मध्ये, तोच राजा कानोसाच्या वाड्याबाहेर बर्फात अनवाणी उभा होता. शाळेच्या पुस्तकात कानोसा येतो, गोस्लार येत नाही.

यानंतर राजे गोस्लारला येत राहिले, पण घर समजून नव्हे. खाण मात्र सगळ्यांनाच हवी होती. शंभर वर्षांनी फ्रीडरिश बार्बारोसा इटलीत अडचणीत सापडला आणि ११७६ मध्ये कियावेन्ना इथे आपला चुलतभाऊ हाइनरिश सिंह याच्याकडे फौज मागायला गेला. सिंहाने त्या बदल्यात गोस्लार मागितलं, असं एक इतिवृत्त सांगतं. सम्राटाने नाकारलं, फौज मिळाली नाही आणि लेन्यानोच्या लढाईत त्याला मार खावा लागला. एका डोंगरासाठी सम्राट पराभव पत्करतो, यात हिशेबाचा भाग किती आणि अभिमानाचा किती, हे सांगणं कठीण आहे. थोड्याच वर्षांत सम्राटाने सिंहाची संस्थानं जप्त केली, आणि त्या युद्धात सिंहाने गोस्लारच्या धातूच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. मला मिळत नाही तर कुणालाच नको, हा न्याय जुनाच आहे.

तेराव्या शतकात राजांचं येणं आटत गेलं. शेवटचा मुक्काम १२५३ मधला, हॉलंडच्या विल्हेल्मचा. राजाने रिकामी केलेली गादी बापड्या गोस्लारकरांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. १२९० मध्ये राजाच्या कारभाऱ्याचे अधिकार नगरमंडळाकडे आले आणि १३४० मध्ये शहराच्या स्वातंत्र्यावर सम्राटाची मोहर उठली. हान्झा व्यापारी संघात गोस्लार होतंच. आता एकच गोम उरली होती. दुसऱ्या फ्रीडरिशने १२३५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या घराण्याला ड्यूकपद देताना गोस्लारच्या खाणीचा दशांशही त्यांना देऊन टाकला होता. ड्यूक पैशांच्या तंगीत आले तेव्हा, चौदाव्या शतकाच्या मध्यावर, शहराने हे हक्क त्यांच्याकडून गहाण म्हणून घेतले. गहाण, विकत नव्हे. गहाणवटीचा माल सोडवता येतो. नगरमंडळातल्या शहाण्यांना हे ठाऊक असणारच, पण दीडशे वर्षं सगळं सुरळीत चाललं की कागदावरचा शब्द कुणाला आठवतो?

त्या काळात शत्रू वेगळाच होता. पाणी. खाण जसजशी खोल जाई तसतसं ते तळाशी साचे. बाराव्या शतकातच खाणकऱ्यांनी जवळजवळ किलोमीटरभर लांबीचा निचऱ्याचा बोगदा हातोडा-छिन्नीने खोदला होता. आजही त्यात उतरता येतं. आत गेलं की भिंतींवर हिरवे, निळे, पांढरे, पिवळट थर मेणासारखे ओघळलेले दिसतात. खडकातले धातू पाण्यात विरघळून, पुन्हा क्षाररूपाने बसलेले. मोरचूद आणि हिराकस ही आपल्या ओळखीची नावं तिथल्या भिंतींवर लटकलेली असतात. पण या बोगद्याच्याही खाली खाण गेली तेव्हा पाणी वर चढवण्याशिवाय उपाय उरला नाही. चौदाव्या शतकाच्या मध्याला प्लेगने माणसं नेली आणि पाण्याने खाण. पुढची शंभरेक वर्षं डोंगर जवळजवळ मुका होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणचाकांवर चालणारी उपसायंत्रं बसली, तेव्हा पुन्हा धूर निघू लागला.

धूर हा अलंकार म्हणून म्हटलेला नाही. रामेल्सबर्गचं खनिज इतकं घट्ट आणि चिवट, की छिन्नीला दाद देत नसे. म्हणून ते आगीने फोडत. शनिवारी खनिजाच्या भिंतीला लागून लाकडाची चळत रचायची, पेटवायची आणि सगळ्यांनी बाहेर पडायचं. रविवारभर आत आग. दगड तापून तडकायचा, त्याचे पापुद्रे सुटायचे. सोमवारी माणसं उतरायची तेव्हा धग अजून बाकी असे, त्यामुळे जवळजवळ उघड्या अंगाने काम चाले. लांब आकड्यांनी छतातले सुटलेले दगड ओढून पाडायचे, खाली पडलेलं गोळा करायचं. गंधकाचा धूर, अंधार, घाम. ही पद्धत थेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. सुरुंगाची दारू युरोपच्या इतर खाणींत कधीची रुळली होती तरी.

या आगींनी डोंगराची सगळी झाडं खाल्ली. त्यावर भट्ट्यांना कोळसा वेगळा. लाकूड मोजून घेण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी असे, माल्टरमास्टर. माल्टर म्हणजे लाकडाचं माप. त्याचा बुरूज उतारावर अजून उभा आहे, साधारण १५०० सालचा. खाणकामाची जमिनीवरची इतकी जुनी इमारत जर्मनीत दुसरी नाही. त्यावरची घंटा कामाच्या वेळा सांगे. मूळचं मिश्र रानझाड तोडून पुढे जिथे तिथे भराभर वाढणारं स्प्रूस लावलं गेलं. आज आपण ज्याला हार्ट्सचं काळं अरण्य म्हणतो ते बरंचसं लागवडीचं. त्या एकसुरी लागवडीचं बिल आत्ता येतं आहे: २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालभुंग्यांनी हे स्प्रूस उतारच्या उतार वाळवून टाकले. रेल्वेने गोस्लारकडे येताना करड्या खुंटांची ती रांग डोळ्यांत भरते.

पण १५०० च्या आसपास गोस्लारकर मजेत होते. तुकडे विकणाऱ्या कापडवाल्यांच्या संघाने १४९४ मध्ये चौकात आपलं संघघर बांधलं. त्याच्या कोपऱ्यावर एक उघडा बुटका बसवला आहे, आणि तो जे विसर्जन करतो आहे ते सोन्याचं नाणं आहे. कर्जबुडव्यांना काय शिक्षा होत असे त्याची ही आठवण, असं सांगतात. नगरमंडळाने आपल्या सभागृहाच्या भिंती आणि छत १५०५ ते १५२० दरम्यान रंगवून घेतलं: सम्राट आणि भविष्यवेत्त्या स्त्रिया आलटून पालटून. राजे येत नव्हते, तर निदान भिंतीवर होते. जवळच १५२६ चं एक घर आहे, त्याच्या कोरीव तुळईवर एक बाई एका हाताने लोणी घुसळते आहे आणि दुसऱ्या हाताने घागरा वर करून रस्त्याकडे पार्श्वभाग दाखवते आहे. शेजाऱ्यांशी त्या घरमालकाचं कसं होतं कोण जाणे. शहराभोवती तट होता, बुरूज होते. १५१७ मधला त्स्विंगर नावाचा बुरूज तर सहा मीटर जाडीच्या भिंतींचा. इतक्या जाड भिंती माणूस उगाच बांधत नाही.

ज्याची भीती होती तो माणूस लवकरच आला. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा ड्यूक धाकटा हाइनरिश. १५२० च्या दशकात त्याने जुने कागद बाहेर काढले, गहाणाची रक्कम पुढे केली आणि म्हणाला, आमची खाण परत द्या. कायद्याने त्याचं बरोबर होतं, आणि तेच सगळ्यांत दुखरं होतं. शहर हादरलं. शत्रूला आसरा मिळू नये म्हणून १५२७ मध्ये गोस्लारकरांनी तटाबाहेरचे आपल्याच परिसरातले मठ आणि चर्चं जमीनदोस्त केली. पुढच्या वर्षी शहराने ल्यूथरचा पंथ स्वीकारला. ड्यूक कट्टर कॅथलिक. म्हणजे खाणीच्या दाव्यात धर्मही उतरला. खटले झाले, शहर सम्राटाच्या बहिष्कारात सापडलं, प्रोटेस्टंट संघाने १५४२ मध्ये ड्यूकला हुसकावून लावलं आणि तो पाच वर्षांनी परत आला. अखेर १५५२ मध्ये त्याने गोस्लारला वेढा घातला. जून महिन्यात रीशेनबेर्गच्या मठात तह झाला. शहराचं स्वातंत्र्य राहिलं, तट राहिला, सभागृह राहिलं. खाणीचा दशांश, खाणीचा न्यायाधिकार आणि बहुतेक जंगलं गेली. डोंगर खिडकीतून दिसत होता तसाच दिसत राहिला, पण त्यातली कमाई वोल्फेनब्युटेलच्या तिजोरीत जाऊ लागली.

आज गोस्लारला येणारा पाहुणा लाकडी चौकटीच्या घरांच्या गल्ल्यांत हरखून जातो, तेव्हा त्याने १५५२ चे आभार मानायला हवेत असं माझं मत आहे. पैसेवालं गाव जुनं पाडून नवं बांधतं. गोस्लारला ते परवडलं नाही. अर्थात सगळंच जसंच्या तसं राहिलं असंही नाही. १७२८ आणि १७८० च्या आगींत मोठमोठे भाग जळले. काही घराणी चांगलीच टिकून होती. १६९३ मध्ये हान्स सीमेन्स या व्यापाऱ्याने बांधलेलं प्रशस्त घर अजून सुस्थितीत आहे. लंडन ते कोलकाता तारमार्ग टाकणाऱ्या सीमेन्स कुटुंबाचा हा पूर्वज. पण एकंदरीत गाव पेंगत पडलं. १७७७ च्या डिसेंबरात गटेने वेबर असं खोटं नाव घेऊन हार्ट्सची भटकंती केली, रामेल्सबर्गच्या पोटात उतरला आणि मग ब्रोकेन चढला. १७९८ च्या ऑक्टोबरात विल्यम वर्ड्स्वर्थ आणि त्याची बहीण डॉरथी जर्मन शिकायला म्हणून इथे येऊन राहिले. स्वस्ताई होती. पण शतकातला एक अतिकडक हिवाळा पडला, ओळखीपाळखी होईनात आणि जर्मन काही यायला तयार नव्हती. शेकोटीशी अडकलेल्या त्या कवीने मग आपलं बालपण आठवायला घेतलं. ‘प्रिल्यूड’ची सुरुवात आणि ल्यूसीच्या कविता गोस्लारच्या थंडीतल्या आहेत. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या आपल्याकडच्या कितीजणांनी त्या पाठ केल्या असतील, पण त्यांतली सरोवरं एका जर्मन खाणगावात बसून लिहिली गेली, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

१८०२ मध्ये स्वतंत्र नगराचा दर्जाही गेला. आधी प्रशिया, मग नेपोलियनच्या भावाचं वेस्टफालिया, मग हानोवर, १८६६ मध्ये पुन्हा प्रशिया. या धामधुमीत तिसऱ्या हाइनरिशच्या चर्चची डागडुजी करायला कुणाकडे पैसा नव्हता. १८१९ मध्ये ते मोडीत विकलं. तीन वर्षांत जर्मनीतलं सर्वांत थोर म्हणावं असं एक राजचर्च दगड-विटांच्या भावाने संपलं. उत्तरेकडचा दारमंडप तेवढा वाचला. ज्या जमिनीवर पेंटेकॉस्टला तलवारी चालल्या तिथे पुढे कित्येक वर्षं वाहनतळ होता. हाइनरिश हाइने १८२४ मध्ये पायी आला तेव्हा त्याने गावच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांची आणि ओबडधोबड फरसबंदीची भरपूर टिंगल केली. गरिबीने घरं राखली आणि त्याच गरिबीने चर्च खाल्लं. तेव्हा वर आभार मानले ते जरा हात राखूनच मानावेत.

चर्चमधलं दगडी सिंहासन, त्याची ब्राँझची नक्षीदार पाठ आणि बाजू, भंगारातून फिरत एका प्रशियन राजपुत्राच्या संग्रहात पोचली होती. १८७१ च्या मार्चमध्ये बर्लिनला नव्या जर्मन साम्राज्याची पहिली संसद भरली, तेव्हा नव्या सम्राटाला, पहिल्या विल्हेल्मला, बसायला हेच आसन मांडलं. आठशे वर्षांपूर्वीच्या सम्राटांशी आपलं नातं दाखवायला त्याहून सोयीचं दगड-ब्राँझ कुठून मिळणार? गोस्लारचा पडका वाडाही मग दुरुस्त झाला, आणि वीसेक वर्षं खपून हेर्मान विस्लिसेनुस या चित्रकाराने सभागृहभर भित्तिचित्रं काढली. मधोमध विल्हेल्म, घोड्यावर. १९०० मध्ये वाड्यासमोर दोन अश्वारूढ पुतळे बसले, एक बार्बारोसाचा आणि एक विल्हेल्मचा. चित्रं देखणी असतील. मला ती इतिहासापेक्षा जाहिरातीच्या जवळची वाटतात.

जाहिरातबाजांची पुढची पिढी त्याहून वाईट निघाली. नाझींना ‘रक्त आणि माती’च्या घोषणेसाठी पायथ्याचं, जुन्या घरांचं गाव हवंच होतं. त्यांनी शेतकऱ्यांच्या सरकारी संघटनेचं ठाणं गोस्लारला आणलं आणि १९३६ मध्ये शहराला ‘राइशचं शेतकरीनगर’ असा किताब दिला. गंमत अशी, की गावाची सारी हयात शेतीपेक्षा खाणीवर गेलेली. खरा रस त्यांनाही खाणीतच होता. युद्धाला शिसं आणि जस्त लागतं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शुप आणि क्रेमर या वास्तुविशारदांनी डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा खनिज-प्रक्रियेचा अवाढव्य कारखाना उभा केला, आणि युद्ध सुरू झाल्यावर पूर्वेकडून पकडून आणलेल्या वेठबिगारांना खाणीत उतरवलं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौज आली तेव्हा शहर लढाईविना हवाली झालं, म्हणून घरं वाचली. मग हार्ट्सवरूनच दोन जर्मनींची सीमा गेली आणि ब्रोकेन काटेरी तारांपलीकडे राहिलं.

खाण १९८८ च्या ३० जूनला बंद झाली. जवळजवळ तीन कोटी टन खनिज निघालं होतं आणि काढण्याजोगं संपलं होतं. सगळं पाडून टाकावं की ठेवावं यावर वाद झाला. ठेवणाऱ्यांची सरशी झाली आणि १९९२ मध्ये खाण आणि जुनं शहर दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेलं. २०१० मध्ये त्यात वरच्या हार्ट्समधली तलाव आणि पाटांची जुनी पाणीव्यवस्था जोडली गेली. खाणींची पाणचाकं फिरवण्यासाठी बांधलेले ते तलाव आज पोहायला वापरतात. गावात गोजे नावाची आंबूस बिअरही पुन्हा गाळतात. तिच्यात मीठ आणि चक्क धने घालतात. नदीवरून तिला नाव पडलं, पण तिची ख्याती झाली ती लाइपत्सिशमध्ये.

डोंगर मात्र निवृत्त झालेला नाही. रिकाम्या बोगद्यांतून आम्लयुक्त पाणी वाहतंच आहे, आणि ते चुन्याने निवळल्याशिवाय नदीत सोडता येत नाही. हजार वर्षांच्या भट्ट्यांची धूळ आसपासच्या मातीत बसली आहे. शिसं आणि कॅडमियम इतकं, की जिल्ह्याने त्यासाठी मातीचं स्वतंत्र नियमपुस्तक केलं. घर बांधताना उकरलेली माती कुठे टाकायची हे त्यात बघावं लागतं. ओकर नदीकाठच्या विषारी गोट्यांवर काही रोपंच तगतात, त्यांत गुलाबी गोंड्यांचं हालरचं गवतफूल. वनस्पतीशास्त्रज्ञ ते बघायला मुद्दाम येतात. आणि शहराच्या पूर्वेला बोलरिश इथे कारखान्याचा गाळ साठवलेली दोन तळी आहेत. त्या गाळात बेराइट आहे, जस्त आहे, आणि भ्रमणध्वनीपासून सौरपट्ट्यांपर्यंत हवे असणारे कोबाल्ट, गॅलियम, इंडियम यांसारखे धातू आहेत. ते वेगळे काढणं परवडेल का, याचा अभ्यास अलीकडच्या वर्षांत विद्यापीठं आणि कंपन्या मिळून करत आहेत. परवडलं, तर हक्क कुणाचा हे आधी ठरवावं लागेल.